शेजारच्याचा पगार

अमरावती-अकोल्याच्या कापड दुकानांत मालक पगार सहसा एकेकाला बाजूला बोलावून देतो. संध्याकाळी चहाच्या टपरीवर कोणाला किती मिळाले ते सर्वांना ठाऊक होते! मग ज्याला दोनशे कमी, तो दुसऱ्या दिवशी थान उलगडायला हात आखडतो.

ओडिशात ३७८ मजुरांवर एक प्रयोग झाला, २०१८ साली तो प्रसिद्ध झाला. रोजी तीच, पण सोबत्याला जास्त मिळते असे कळले की काम घटले आणि हजेरीही घसरली. मात्र सोबती खरोखर जास्त काम करतो हे जिथे डोळ्यांना दिसत होते, तिथे फरक पडला नाही. टेलरिंगवाल्यांना हे नवे नाही. नगावर मजुरी असली की दहा शर्टवाला आठवाल्याशी भांडत नाही.

नॉर्वेत तर कोणाचेही उत्पन्न पाहता येते. २०१४ पासून कोणी पाहिले हेही कळू लागले, तसे पाहणारे फार कमी झाले.

आमच्याकडे लपवून उपयोग नाही. शेठच्या भाच्याला जास्त का, याचे उत्तर वहीत हवे. सेल्समनच्या नावावर विक्री लिहिता येईल. पण माल काढून देणाऱ्या, घड्या घालणाऱ्या पोराचे काम कोणत्या रकान्यात मांडायचे, ते मालकाने पगाराआधी ठरवावे.