पट एका शाळेचा, संघ दुसऱ्या शाळेचा

घरी बसून शिकणाऱ्या विद्यार्थ्याने कोणत्या शाळेच्या संघातून खेळावे? मुक्त विद्यालयात शिकणाऱ्या तुम्हांला हा प्रश्न परका वाटणार नाही. संपर्कवर्गासाठी अभ्यासकेंद्रावर गेल्यावर तेथील शालेय संघाचा सराव तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल आणि आपण त्या संघात का नाही, असे मनात आलेही असेल. अमेरिकेत हा प्रश्न अनेक राज्यांच्या विधिमंडळांपर्यंत गेला.

तेथे शालेय सामन्याला गावच्या उत्सवाचे रूप येते. शरद ऋतूत शुक्रवारी रात्री शाळेच्या मैदानावर फुटबॉलचा सामना असला की सारे गाव लोटते. (हा फुटबॉल आपल्या ओळखीचा नव्हे, त्यातील चेंडू लंबगोल असून तो मुख्यत्वे हातांनी खेळवला जातो.) महाविद्यालयांचे निवडकर्ते याच सामन्यांतून खेळाडू हेरतात आणि त्यातून शिष्यवृत्ती मिळते. आपल्याकडे शाळेच्या संघात स्थान नसलेला मुलगा तालमीत किंवा क्रिकेटच्या क्लबात जाऊन तयार होऊ शकतो. या फुटबॉलला तेथे शाळेबाहेर असा दुसरा मार्ग फारसा नाही. त्यामुळे संघाबाहेर राहणे म्हणजे केवळ एका करमणुकीला मुकणे नसते.

फ्लोरिडा राज्याने १९९६ साली कायदा करून घरी शिकणाऱ्या मुलांना सरकारी शाळांच्या संघांतून खेळण्याची मुभा दिली. टिम टीबो हा मुलगा या कायद्याचा सर्वांत प्रसिद्ध लाभार्थी ठरला. त्याचे शिक्षण घरी आईच्या हाताखाली झाले. खेळला मात्र तो नीज हायस्कूलच्या संघातून. २००५ मध्ये त्या संघाने राज्य अजिंक्यपद मिळवले. पुढे २००७ साली महाविद्यालयीन फुटबॉलमधील हाइझमन करंडक त्याला मिळाला. पदवीच्या दुसऱ्या वर्षात असताना हा मान मिळवणारा तो पहिलाच खेळाडू. इतर राज्यांत अशी विधेयके आली तेव्हा लोक त्यांना टीबोच्याच नावाने ओळखू लागले.

फ्लोरिडातच १९९७ मध्ये ‘फ्लोरिडा व्हर्च्युअल स्कूल’ ही सरकारी ऑनलाइन शाळा सुरू झाली. तिचे पूर्णवेळ विद्यार्थीही पुढे या तरतुदींच्या कक्षेत आले. राहत्या घराच्या हद्दीनुसार विद्यार्थ्याला जी सरकारी शाळा मिळाली असती, किंवा नियमानुसार जी त्याला निवडता आली असती, तिच्या संघासाठी तो प्रयत्न करू शकतो. संघात स्थान मिळेलच, अशी हमी कायदा देत नाही. निवडचाचणीला उभे राहण्याची संधी तेवढी देतो.

या मुभेला अटी आहेत आणि त्या वाचण्याजोग्या आहेत. खेळण्याचा मनोदय त्या शाळेकडे आधी नोंदवावा लागतो. शिस्त, वर्तन आणि खेळातील कामगिरी यांचे निकष इतरांना लागू असतात तेच त्यालाही लागू होतात. माध्यमिक स्तरावर चारपैकी किमान दोन सरासरी गुणांक हवा, तो त्यालाही सुटत नाही. सर्वांत मार्मिक अट पळवाट बुजवणारी आहे. गुण कमी पडल्याने संघाबाहेर गेलेला विद्यार्थी नाव काढून ऑनलाइन शाळेत गेला, तर तो लगेच मैदानावर परतू शकत नाही. नव्या शाळेत एक मूल्यमापन सत्र यशस्वीपणे पूर्ण केल्यावरच त्याला पुन्हा खेळता येते. ही अट घालणाऱ्यांना विद्यार्थ्यांचा स्वभाव चांगला ठाऊक असावा.

विरोधकांचे म्हणणेही निराधार नाही. रोज वर्गात हजेरी लावणाऱ्या मुलाची जागा वर्गात कधीही न दिसणाऱ्याने घ्यावी का? घरी आईनेच गुण द्यायचे असतील, तर ते पारखायचे कोणी? दुसरा आक्षेप ऑनलाइन शाळेला फारसा लागू पडत नाही, कारण तेथे परीक्षक निराळे असतात. पहिल्या आक्षेपाला मात्र सोपे उत्तर नाही. पालक म्हणतात, आम्हीही कर भरतो. ते खरेच आहे. पण संघातील जागा मोजक्या असतात आणि कर भरल्याने त्या वाढत नाहीत. व्हर्जिनियात २०१५, २०१६ आणि २०१७ अशी सलग तीन वर्षे घरी शिकणाऱ्यांसाठीचे विधेयक विधिमंडळात संमत झाले आणि तिन्ही वेळा राज्यपालांनी नकाराधिकार वापरला.

पेनसिल्व्हेनियाने वेगळी कसोटी लावली. तेथील चार्टर शाळा, म्हणजे सरकारी पैशावर पण स्वतंत्रपणे चालणाऱ्या शाळा, ऑनलाइनही असतात. अशा शाळेत एखादा खेळ नसेल, तर राहत्या भागातील सरकारी शाळांनी इतर अटी पाळणाऱ्या तिच्या विद्यार्थ्याला तो खेळ नाकारू नये, असे तेथील कायदा सांगतो. संगणकावर भरणाऱ्या शाळेला मैदान बहुधा नसतेच!

टेक्ससने २०२१ साली घरी शिकणाऱ्यांसाठी कायदा केला, पण अंतिम निर्णय स्थानिक शाळा-जिल्ह्यांवर सोपवला. त्यामुळे सीमेच्या अलीकडच्या मुलाला संघाचा गणवेश मिळाला, तरी पलीकडच्या त्याच्या मित्राला कुंपणाबाहेरूनच सामना पाहावा लागण्याची शक्यता राहिली.