दिवा लागतो, चाक फिरत नाही

संपादकांना हवा होता पावसाळी भटकंतीवरचा लेख. माळशेज, धबधबे, धुकं, गरमागरम भजी. मी निघालोही त्याचसाठी. पण कल्याणहून मुरबाडच्या रस्त्याला लागलो, शहाडचा पूल ओलांडला, एका टपरीवर चहाला थांबलो आणि दिवस तिथेच गेला. टपरीला लागून पत्र्याची शेड होती. शेडमध्ये एक डबल केबिन पिकअप पुढून उचलून घोड्यांवर ठेवलेली. गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले, आणि त्या पायांना एक ड्रायव्हर काकुळतीने सांगत होता, "मामा, दिवा लागतो ओ. फोर बाय फोरचा दिवा बरोबर लागतो. पण गाडी जागची हलत नाय."

खालून उत्तर आलं, "दिवा डॅशबोर्डात असतो. चिखल बाहेर असतो."

झालं, माळशेज राहिलं.

गाडी एका वीज-कंत्राटदाराची होती. पावसाळ्यात मुरबाडकडच्या पाड्यांवर तारा, खांबाचं सामान आणि माणसं पोचवायची, हे तिचं काम. आदल्या दिवशी भाताच्या खाचरालगतच्या रस्त्यात ती रुतली. ड्रायव्हरने बटण फिरवलं, दिवा हिरवा झाला, मागची चाकं चिखल उडवत राहिली आणि पुढची दोन्ही चाकं पाहुण्यासारखी स्वस्थ बसून राहिली. शेवटी ट्रॅक्टरने ओढून काढली.

फोर बाय फोरची गोष्ट थोडक्यात अशी. इंजिनाची ताकद गिअरबॉक्समधून ट्रान्सफर केसमध्ये येते. तिथून मागच्या चाकांकडे ती कायमच जाते. पुढच्या चाकांकडे जायला आतली एक दातेरी कडी सरकावी लागते. पूर्वी ती दांड्याने सरकायची, आता बटण फिरवलं की छोटी मोटर सरकवते. ताकद मग पुढच्या प्रोपेलर शाफ्टने डिफरन्शलमध्ये जाते, तिथून दोन्ही बाजूंच्या अॅक्सलमध्ये. पण चाक फिरायला आणखी एक कुलूप लागावं लागतं, चाकाच्या मधोमध, हबमध्ये. ते उघडं असेल तर अॅक्सल आतल्या आत फिरतो आणि चाकाला पत्ता नसतो. ही सोय मुद्दाम केलेली आहे. डांबरी रस्त्यावर पुढचा सगळा लवाजमा उगाच फिरत राहू नये, म्हणून. अमेरिकेतल्या वॉर्न कंपनीने 1948 मध्ये, युद्धातून उरलेल्या जीपांसाठी, असले हब विकायला सुरुवात केली.

जीपचा इतिहास सगळ्यांना थोडाफार माहीत असतो, त्यामुळे मी तो पटकन उरकतो. दुसऱ्या महायुद्धात विलीस आणि फोर्ड यांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीपा बनवल्या. आपल्याकडे ती जोडू लागली ती 1945 मध्ये ‘महिंद्रा अँड महंमद’ या नावाने सुरू झालेली कंपनी. त्यातले गुलाम महंमद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले आणि 1951 मध्ये तिथले गव्हर्नर जनरल झाले. इकडे 1948 मध्ये कंपनीचं नाव बदलून ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झालं. या शेडपासून हाकेच्या अंतरावर असलेलं उल्हासनगरसुद्धा त्याच युद्धाचं उरलेलं आहे. कल्याणच्या लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले, 1949 मध्ये गावाला नवं नाव मिळालं, पण रिक्षावाल्याला आजही ‘कॅम्प तीन’ किंवा ‘कॅम्प चार’ असंच सांगावं लागतं.

आता मामा. साठीच्या आतबाहेरचे, बारीक, उजव्या अंगठ्याचं नख कायमचं काळं. बोलणं कमी, आणि ते बहुतेक गाडीशीच. त्यांनी ड्रायव्हरला इंजिन चालू ठेवून गाडी न्यूट्रल करायला लावली, मागच्या चाकांना दगड लावले, बटण फिरवून घेतलं आणि खाली सरकून पुढचा प्रोपेलर शाफ्ट दोन्ही हातांनी पिळला. हलला नाही. "केस चांगली हाय," ते म्हणाले. मागची चाकं जमिनीवर अडकलेली, त्यामुळे आतली कडी नीट बसली असेल तर पुढचा शाफ्ट हलणारच नाही. तो हाताने फिरला असता तर रोग ट्रान्सफर केसमध्ये शोधायचा होता.

मग ते पुढच्या डाव्या चाकापाशी आले आणि मला म्हणाले, "सर, तुम्ही पलीकडचं बघा." त्यांनी डावं चाक फिरवलं. माझ्यासमोरचं उजवं चाक ढिम्म. शाफ्ट धरलेला असताना एक चाक पुढे फिरवलं की दुसरं उलटं फिरायला हवं, डिफरन्शलचा तो स्वभावच आहे. इथे दोन्ही चाकं जत्रेतल्या भिंगरीसारखी आपापली सुटी फिरत होती. म्हणजे हबची कुलपं लागलीच नव्हती. दिवा खोटं बोलत नव्हता. त्याला फक्त ट्रान्सफर केसपर्यंतचंच दिसतं, आणि पुढची जबाबदारी त्याने कधी घेतलेलीच नाही.

या गाडीची कुलपं हवेच्या ओढीवर चालतात. व्हॅक्यूमवर. डिझेल इंजिनाला पेट्रोलसारखं आपलं व्हॅक्यूम नसतं, म्हणून अल्टरनेटरच्या पाठीवर एक छोटा पंप बसवलेला असतो. ब्रेकचा बूस्टर त्याच्यावरच चालतो. त्याचीच एक रबरी नळी पुढे जाते, वाटेत दोन फाटे फुटतात आणि एकेक नळी एकेका हबला जाते. मामांनी टूलबॉक्समधून काय काढावं? इंजेक्शनची मोठी, सुई नसलेली सिरिंज. मेडिकलमधून आणलेली, काठावर ग्रीसचे ठसे.

डाव्या फाट्याला ती लावली, दट्ट्या मागे ओढला आणि सोडला. दट्ट्या टुणकन आत गेला. "ही चांगली." उजव्या फाट्याला लावली, ओढला, सोडला. दट्ट्या होता तिथेच. मला वाटलं, अरे वा, धरून बसला. मामा हसले. सगळं उलटं होतं. नळी हवाबंद असेल तरच आतली पोकळी दट्ट्याला परत ओढते. भोक असेल तर बाहेरची हवा आत शिरते आणि दट्ट्या निवांत राहतो. उजव्या चाकामागे, स्टिअरिंग वळताना नळी जिथे घासते तिथे बोटाच्या पेराएवढी चीर होती. एका बाजूची गळती आणि दोन्ही कुलपं निकामी, कारण पंप बिचारा त्या चिरेतून अख्ख्या शहाडची हवा ओढत बसला होता.

हाताने फिरवायच्या जुन्या हबांची गंमत याहून वाईट, असं मामांनी सांगितलं. एक कुलूप लागलं आणि दुसरं गंजून उघडं राहिलं, तर अर्धी ताकद मिळेल असं वाटतं. मिळत काहीच नाही. डिफरन्शल दोन्ही बाजूंना सारखाच जोर देतं, आणि सुट्या अॅक्सलला फिरायला जोर लागतच नाही, म्हणून घट्ट बाजूलाही तेवढाच, म्हणजे जवळपास शून्य. दोन भावांत एकाने खांदा काढला की तिरडी दुसऱ्यानेही उचलायची नाही, असा हा हिशेब. तिरडीचा दाखला मामांचा, माझा नाही.

आजार बहुतेक वेळा न वापरल्याचाच असतो. ठाणे-डोंबिवलीच्या गाड्या वर्षातले अकरा महिने घोडबंदर आणि शिळफाट्याच्या रांगेत उभ्या असतात, तिथे फोर बाय फोर कोण लावतो? कडी सुकते, दांड्याचे सांधे गंजतात, मोटर जाम होते. मग जुलैत एकदम सगळं चालायला हवं असतं. दुसरं कारण पाणी. ओढ्यात शिरताना डिफरन्शलची हौसिंग तापलेली असते, गार पाणी लागलं की आतली हवा आकसते, आणि श्वासाची नळी मातीने बुजलेली असेल तर सीलमधून पाणी आत ओढलं जातं. मामांनी एका डब्यात जपून ठेवलेलं तेल दाखवलं. कटिंग चहाच्या रंगाचं. गिऱ्हाइकांना दाखवायला ठेवलंय म्हणाले.

मामांनंतर या शेडचं काय, हे विचारल्याशिवाय राहवलं नाही. उत्तर लांबलं, आणि मला ते आवडलं नाही. रस्ता रुंद होणार, तेव्हा शेड किती मागे सरकणार किंवा सरकणारच की नाही, ते कोणी नक्की सांगत नाही. जुन्या जीपा कमी येतात. पंधरा वर्षं झालेल्या मोटारीची नोंदणी पुन्हा करायची फी एप्रिल 2022 पासून 600 रुपयांवरून 5,000 झाली, त्यावर फिटनेसची धावाधाव, मग लोक म्हणतात काढून टाका. नव्या गाड्या येतात त्यांत नळ्या कमी आणि तारा जास्त. मोटरला करंट जातोय की नाही ते टेस्ट लॅम्पने कळतं, पण कंट्रोलरनेच ‘नको’ म्हटलं तर का नको म्हटलं, ते स्कॅनर लावल्याशिवाय समजत नाही. असा स्कॅनर मामांनी घेतला होता. एका वर्षात त्याचं सॉफ्टवेअर जुनं झालं. आता तो कोनाड्यात गणपतीच्या फोटोखाली असतो. हाताखालचा पोरगा हुशार होता, सिरिंजची युक्ती त्याचीच. तो भिवंडीच्या गोदामात लागला. तिथे पगार एक तारखेला होतो, यावर मामांकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नाही.

गिऱ्हाइकंही बदलली आहेत. मागचे दोनच टायर नवे घालतात, पुढचे झिजलेले ठेवतात. मग फोर बाय फोर लावली की पुढचं आणि मागचं चाक सारख्या फेऱ्यांत सारखं अंतर जात नाही, मधल्या शाफ्टला पीळ बसतो, आणि दांडा लागतो पण सुटत नाही. "टायरचे पैसे वाचले म्हणून पार्टी देतात, नंतर केस घेऊन येतात," मामा म्हणाले.

नळी बदलायला वीस मिनिटं लागली. चाचणीला आम्ही रायत्याच्या दिशेने गेलो. उल्हास फुगली की तिथला पूल बंद होतो, पण त्या दिवशी नदी पात्रातच होती. रस्त्याच्या खाली एका मोकळ्या तुकड्यात घोटाभर चिखल होता. मामा गाडीत बसले नाहीत. उतरून पुढच्या उजव्या चाकाकडे तोंड करून उभे राहिले. ड्रायव्हरने बटण फिरवलं, क्लच सोडला, आणि पहिला लपका मामांच्या पँटवर बसला. गाडी चढून रस्त्याला आली.

डांबरावर आल्यावर ड्रायव्हरने बटण परत फिरवलं. दिवा तसाच. त्याचा चेहरा पडला. "मामा, आता जात नाय."

"वळणावर पीळ बसलाय. दहा फूट सरळ रिव्हर्स मार."

गाडी मागे आली. खालून खट्ट झालं. दिवा त्यानंतरही दोन-तीन सेकंद रेंगाळला आणि मग विझला.