कळ कुठनं कुठं जाते?

1987 साली मी पहिल्यांदा नाइटला उभी राहिले, तेव्हा पेशंटशी बोलणं हे काम म्हणून कुणी धरत नव्हतं. टीपीआर (ताप, नाडी, श्वास), इंजेक्शनं, सलाईन, बेडशीट, आणि त्यातून वेळ उरलाच तर बोला. मेडिकल वॉर्डात चाळीस खाटा, जमिनीवर आणखी दहा-बारा गाद्या, रात्री आम्ही दोघी सिस्टर आणि एक मावशी. हिल्डगार्ड पेपलाऊ यांनी 1952 च्या पुस्तकात नर्स आणि रुग्णाचं नातं हाच शुश्रूषेचा गाभा मानला, हे मी परीक्षेत लिहून आले होते. वॉर्डात ते वहीतच राहिलं.

त्याच वर्षीची एक रात्र. कोरेगावकडच्या एक काकू, साखरेचा आजार जुना. म्हणाल्या, "सिस्टर, पित्त उसळलंय बगा, जबड्यात कळ मारतीया." मी 'पित्त' तेवढं ऐकलं, पांढरं औषध पाजलं आणि पुढच्या खाटेकडे गेले. अर्ध्या तासानं सुपरवायझर सिस्टर राउंडला आल्या. "कळ कुठनं कुठं जाते, विचारलंस?" नव्हतं विचारलं. ईसीजी काढला, हार्ट अटॅक निघाला. काकू वाचल्या. तो अर्धा तास मात्र माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

तेव्हापासून पेशंटचे शब्द जसेच्या तसे टिपायची सवय लागली. मराठीत दुखण्याला किती नावं आहेत! पू धरला की ठणका लागतो, आतड्यात मुरडा येतो, पाठीत चमक भरते. कळ येते आणि जाते, सल राहतो. सोललेली कातडी हुळहुळते. "गळून गेल्यासारखं होतंय" म्हणणाऱ्या मधुमेह्याची साखर आधी बघायची. हे शब्द सगळ्यांत मन लावून शिकल्या त्या केरळहून आलेल्या आमच्या सिस्टर. त्यांच्यातली एक वाकून विचारायची, "आजी, ठणकतंय की ठसठसतंय?" आणि आजी एवढ्या दुखण्यातही तिच्या गालावरून हात फिरवायची.

रोग्याला मान वळवावी लागणार नाही अशा जागी बसून बोला, त्याच्या खोलीत कुजबुजू नका, असं फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी 1859 च्या 'नोट्स ऑन नर्सिंग'मध्ये सांगून ठेवलंय. आमच्याकडे डॉक्टरांचा राउंड खाटेच्या पायथ्याशी उभा राहून इंग्रजीत बोलायचा आणि पुढे जायचा. मग पेशंट आमचा हात धरायचे, "सिस्टर, काय म्हणाले साहेब?" हा प्रश्न मी छत्तीस वर्षं ऐकला. "साहेबांनाच विचारा" हे आम्हाला शिकवलेलं उत्तर. सुरुवातीची कित्येक वर्षं मी तेच दिलं, आणि त्याचं मला वाईट वाटतं.

शब्दच नसतील तर काय, याचं उत्तर मुंबईच्या केईएममधल्या सिस्टरांनी दिलं. अरुणा शानबाग स्वतः तिथल्या नर्स. 1973 मध्ये त्यांच्यावर हल्ला झाला आणि वाचा गेली; तेव्हापासून 2015 पर्यंत, बेचाळीस वर्षं, त्यांना तिथल्याच नर्सच्या पिढ्यांनी सांभाळलं. शौचाला जायचं असलं की त्या आवाज करत आणि सिस्टरना तो ओळखू येई, हे सर्वोच्च न्यायालयाच्या 2011 च्या निकालपत्रात नोंदलेलं आहे. आमच्या पेशाबद्दल याहून मोठं काही मी कुठे वाचलेलं नाही.

पुढे चार्टवर पेन स्कोअर आला, शून्य ते दहा. मी एका आजोबांना विचारलं, किती दुखतंय? "बारा आणे," ते म्हणाले. चार्टवर आठ लिहिलं आणि शेजारी त्यांचे बारा आणेही लिहिले. आकड्यानं औषध वेळेवर मिळू लागलं, हे खरं. पण फॉर्म वाढले, आणि खाटेशी टेकायची पाच मिनिटं त्यांनीच खाल्ली.

2020 च्या कोरोनात तर चेहराच गेला. पीपीई किटवर मार्करनं नाव लिहायचो, म्हणजे पेशंटला कळावं आत कोण आहे ते. ऑक्सिजनवरच्यांना आम्ही सांगितलं होतं, हो असेल तर माझं बोट एकदा दाबा, नको असेल तर दोनदा. दोन हातमोज्यांतूनही ते दाबणं कळायचं.

2023 मध्ये शेवटच्या ड्युटीचा हँडओव्हर दिला. नव्या सिस्टरला औषधं सांगितली, ड्रेन सांगितला. मग म्हटलं, "सात नंबरच्या आजी विचारलं की 'बरं हाय' म्हणतील. तू त्यांच्या मुठीकडे बघ. पदर आवळून धरला असेल तर टेक तिथं जरा, आणि परत विचार."