‘हात बसतो’ तेव्हा मेंदूत काय घडते?

पाठ्यपुस्तकातील चेतापेशीची आकृती आठवून पाहा. लांब अक्षतंतू आणि त्यावर मण्यांसारखे ओळीने दिसणारे आवरण. हे आवरण मायलिन या मेदयुक्त पदार्थाचे असते. ते नसेल तर तंतूतून संदेश सेकंदाला जेमतेम एक-दोन मीटर जातो. जाड आवरणाच्या तंतूतून तो १०० मीटरपर्यंत धावतो.

मेंदूत हे आवरण चेतापेशी स्वतः तयार करत नाहीत. ते काम ऑलिगोडेंड्रोसाइट या पेशींचे. त्या ‘ग्लिया’ गटात मोडतात. ग्लिया म्हणजे सरस. १९व्या शतकात हे नाव पडले तेव्हा या पेशी चेतापेशींना नुसत्या धरून ठेवतात, असाच समज होता.

ऑलिगोडेंड्रोसाइट ज्यांच्यापासून बनतात त्या पूर्वपेशी प्रौढ मेंदूतही असतात. मग त्यांनी केव्हा विभागायचे, हे कोण ठरवते?

१९९३ मध्ये बेन बॅरेस आणि मार्टिन रॅफ यांनी याचे उत्तर उंदराच्या जातीच्याच, पण मोठ्या अशा रॅट या प्राण्याच्या दृष्टिचेतेत शोधले. त्यांनी डोळ्यात टेट्रोडोटॉक्सिन टोचले. या विषाने अक्षतंतू मरत नाहीत, फक्त त्यांतील विद्युतसंदेश थांबतात. तेवढ्यानेच पूर्वपेशींचे विभाजन एकदम घटले. म्हणजे तंतू असून भागत नाही, तो ‘बोलता’ असावा लागतो.

पूर्वपेशींना हे बोलणे ऐकू कसे येते? चेतापेशी या पूर्वपेशींशीही थेट जोडण्या करतात आणि तेथे ग्लुटामेट हे रसायन सोडतात, असे २००० मध्ये दिसून आले.

पण याचा शिकण्याशी काय संबंध? २०१४ मध्ये लंडनच्या शास्त्रज्ञांनी उंदरांना असमान अंतरावर गज बसवलेल्या चाकावर धावायला लावले. काही उंदरांत नवे ऑलिगोडेंड्रोसाइट बनण्यास लागणारा जनुक आधीच काढून टाकला होता. त्या उंदरांना ही कसरत नीट जमेना. मात्र जे उंदीर आधी चाक शिकले होते, त्यांचा जनुक नंतर काढला तरी ते पूर्वीसारखेच धावले. नवी आवरणपेशी आठवण्यासाठी नव्हे, शिकण्यासाठी लागत होती.

उंदरांवरचे हे निष्कर्ष जसेच्या तसे वर्गात आणणे योग्य नाही. पाढे किती वेळा म्हणवून घ्यावेत, हे त्यावरून ठरणार नाही. पण एक गोष्ट आपण विद्यार्थ्यांना नक्की सांगू शकतो. मेंदू म्हणजे एकदा तारा जोडून पूर्ण झालेले यंत्र नव्हे. ज्या वाटेने संदेश वारंवार जातात, तिची डागडुजी आणि नवी बांधणी वापरातूनच होत असते. आणि नव्या पेशी तयार होऊन तंतूंभोवती आवरण गुंडाळायला वेळ लागतो. म्हणून पहिल्या दिवशी न जमणाऱ्या मुलाला ‘तुला येणारच नाही’ असे सांगण्याची घाई आपण करू नये.