छत्रीच्या दूरदर्शन संचाचा वीजपुरवठा : बिघाड कसा शोधावा?

पावसाळ्यात हवामानाची सूचना वेळेवर मिळण्याचे महत्त्व वसई-विरार भागातील शेतकऱ्यांस वेगळे सांगावयास नको. भात कापणीस आले असता, केळीचे घड भरत असता किंवा पानवेलीच्या मळ्यात पाणी साचण्याचा संभव असता एका दिवसाची पूर्वसूचनाही मोठे नुकसान टाळू शकते. दूरदर्शनची 'किसान' ही स्वतंत्र वाहिनी २६ मे २०१५ रोजी सुरू झाली. ती व इतर अनेक वाहिन्या 'डीडी फ्री डिश'च्या छत्रीवर मासिक वर्गणी न देता पाहता येतात. परंतु ऐन पावसाळ्यातच हा संच बंद पडतो आणि 'बॉक्स जळाला' असे समजून नवा बॉक्स विकत आणला जातो. पुष्कळदा बॉक्स निर्दोष असतो. दोष त्याच्या आधीच्या अडॅप्टरमध्ये किंवा पुढच्या केबलमध्ये असतो. म्हणून खर्च करण्यापूर्वी दोष नेमका कोठे आहे हे क्रमाने पाहावे.

विजेचा मार्ग

घरातील वीज साधारण २३० व्होल्ट दाबाची असते. अडॅप्टर तिचे कमी दाबाच्या, बहुधा १२ व्होल्टच्या, एकदिश प्रवाहात रूपांतर करतो आणि त्यावर बॉक्स चालतो. काही बॉक्समध्ये ही रचना आतच बसविलेली असते. येथेच विजेचा प्रवास संपतो असा सर्वसाधारण समज आहे, पण तो बरोबर नाही. छत्रीच्या पुढे दांडीवर बसविलेल्या 'एलएनबी' या भागासही वीज लागते. बॉक्स ती १३ किंवा १८ व्होल्ट दाबाने त्याच केबलमधून वर पाठवितो. म्हणजे एकाच तारेतून चित्राचा संदेश खाली येतो व वीज वर जाते. यास्तव छपरावरील केबलमध्ये पाणी शिरून तारा एकमेकींस भिडल्या, तर खाली घरातला बॉक्स बंद पडू शकतो.

तपासणीचा क्रम

१. भिंतीवरील त्याच सॉकेटमध्ये दिवा किंवा मोबाईलचा चार्जर लावून पाहावा. तो चालला नाही, तर दोष सॉकेटचा किंवा घरातील वायरिंगचा होय.

२. सॉकेट ठीक असेल, तर भिंतीवरील बटण बंद करून छत्रीची केबल बॉक्सच्या मागून काढावी व मग बटण सुरू करावे. बॉक्सचा दिवा आता लागून स्थिर राहिला, तर बॉक्स व अडॅप्टर बहुधा ठीक असून दोष केबलमध्ये किंवा एलएनबीमध्ये आहे, असे समजावे. ही चाचणी फुकट होते आणि नव्या बॉक्सचा खर्च बहुतेक वेळा तीच वाचविते.

३. केबल काढूनही दिवा लागत नसेल, तर अडॅप्टर बदलून पाहावा. नव्या अडॅप्टरचा व्होल्ट-आकडा जुन्याइतकाच असावा, अँपिअर-आकडा जुन्याइतका किंवा अधिक असावा आणि पिनेची अधिक-उणे बाजू तीच असावी. मोकळ्या अडॅप्टरवर मीटर १२ व्होल्ट दाखवितो म्हणून तो चांगला आहे असे मानू नये. दुर्बळ झालेल्या अडॅप्टरचा दाब भार पडताच उतरतो.

४. दोष वरच्या बाजूस आहे असे ठरल्यास, कोरड्या हवेत व बटण बंद असताना, केबल एलएनबीपासून सोडवावी आणि खाली बॉक्सला जोडून बटण सुरू करावे. दिवा स्थिर राहिला तर एलएनबी बिघडलेला. दिवा गेला तर केबल किंवा तिचा जोड खराब झालेला.

५. बॉक्स पुनःपुन्हा आपोआप बंद-चालू होत असेल किंवा बराच वेळ गेल्यावरच सुरू होत असेल, तर वीजपुरवठ्याच्या भागातील कपॅसिटर फुगले असण्याचा संभव असतो. ते बदलणे अल्प खर्चाचे असले, तरी ते काम मेकॅनिकचेच होय.

खाऱ्या हवेचा परिणाम

अर्नाळा, राजोडी, भुईगाव अशा किनाऱ्यालगतच्या गावांत खारा वारा व दमटपणा यांमुळे केबलचे जोड लवकर खराब होतात. केबलमधून सतत एकदिश प्रवाह वाहत असल्याने खारट ओल लागताच तांब्याची तार झिजून हिरवी पडते. बरेच बॉक्स रिमोटने बंद केल्यावरही वर वीज पाठवीतच राहतात. म्हणून काम संपताच भिंतीवरील बटण बंद करावे. पावसाळ्यापूर्वी जोड उघडून पाहावेत, हिरवी पडलेली टोके कापून नवे जोड लावावेत व त्यांवर जलरोधक पट्टी घट्ट गुंडाळावी. केबल घरात शिरते तेथे तिला खाली झोळ द्यावा, म्हणजे पाणी आत न येता झोळातून ठिबकून जाते.

दोष विजेचा नसेल तेव्हा

दिवा लागला आहे, पण पडद्यावर 'सिग्नल नाही' असे येत असेल, तर अडॅप्टर बदलून उपयोग नाही. प्रथम केबलचे जोड पाहावेत. मुसळधार पावसात उपग्रहाच्या लहरी क्षीण होतात व पाऊस ओसरताच चित्र परत येते. तसे न झाल्यास छत्री वाऱ्याने हलली असावी. डीडी फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५ हा ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. वसईहून तो आग्नेयेस, क्षितिजापासून सुमारे ५७ अंश उंचीवर येतो.

सुरक्षितता

ओल्या छपरावर किंवा विजा चमकत असता कधीही चढू नये. वादळाची चिन्हे दिसू लागताच प्लग व केबल दोन्ही काढून ठेवावीत. छत्री वीजवाहिनीच्या जवळ बसवू नये. घरात पाणी शिरले असल्यास सॉकेटला हात लावू नये; वायरमनने तपासणी केल्यानंतरच वीजपुरवठा सुरू करावा. प्लग काढल्यानंतरही बॉक्सच्या आतील कपॅसिटरमध्ये घातक भार राहू शकतो, म्हणून झाकण स्वतः उघडू नये.

हेही ध्यानात ठेवावे की, संच कितीही सुस्थितीत असला तरी वीजच गेल्यास तो निरुपयोगी ठरतो. जुलै २०१८ च्या पुरात आणि १७ मे २०२१ च्या तौक्ते वादळात या भागातील वीजपुरवठा खंडित झाला होता. सूचनेची खरी निकड अशाच वेळी असते. म्हणून प्रत्येक घरी बॅटरीवर चालणारा रेडिओ व भारित मोबाईल जवळ असावा.

ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी मे महिन्यातील सभांतून वरील चाचण्यांचे, विशेषतः केबल काढून पाहण्याच्या चाचणीचे, प्रात्यक्षिक करून दाखवावे. त्यास फार वेळ लागत नाही, आणि शेतकऱ्याचा अनावश्यक खर्च वाचून हवामानाची सूचनाही त्यास वेळेवर मिळत राहते.