विचारण्याआधी थोडे थांबा!

वर्षावासात आपल्या विहारांत 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालते. हिंगोली, वसमत, कळमनुरी, औंढा, सेनगाव, कोणत्याही गावचा विहार घ्या. वाचन संपते, आणि पायऱ्या उतरता उतरता एखाद्या सुनेला प्रश्न येतो, "काय गं, काही हाय का नाही? दोष कुणात हाय?" तिशी उलटलेल्या अविवाहित पोराला पारावर विचारतात, "तुझ्यात काही कमी हाय का?" तृतीयपंथी व्यक्तीला तर थेट तिच्या शरीराबद्दलच विचारले जाते. विचारणाऱ्याला ती गंमत वाटते. ऐकणारी सून मात्र दुसऱ्या दिवशी विहाराकडे फिरकत नाही.

लैंगिक विषय बोलूच नयेत, असे आम्ही म्हणत नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचक आपल्या अडचणी विचारीत आणि कर्वे त्यांना शास्त्रीय उत्तरे देत. त्याबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा १९३४ साली मुंबईच्या कोर्टात त्यांची बाजू मांडायला उभे राहिले ते बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर! खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. पण बाबासाहेब मागे हटले नाहीत.

मात्र फरक ध्यानात घ्या. तिथे वाचक स्वतःची अडचण स्वतःहून विचारीत होता. पारावर आपण दुसऱ्याची अडचण चव्हाट्यावर मांडतो. पहिले ज्ञान आहे, दुसरी चहाडी.

बाबासाहेबांच्या संविधानातील २१ व्या कलमाचा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितले की, खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्याआधी १५ एप्रिल २०१४ च्या निकालाने, आपण स्त्री, पुरुष की तृतीयपंथी हे ठरवण्याचा अधिकार ज्याचा त्याला दिला. मग पारावरच्या पंचांना कुणाला तपासण्याचा हक्क कुणी दिला?

माता-भगिनींनो, मूल होत नसेल तर नवरा-बायको दोघांनीही डॉक्टरांकडे जावे. एकट्या सुनेला बोल लावू नये. डॉक्टर किंवा आशाताईंनी विचारले, तर ते उपचारासाठी. तेही आडोशाला आणि तिची संमती घेऊन. बाहेरच्याने विचारले, तर सासूनेच ठणकावून सांगावे, "ती त्यांची बाब हाय." एवढ्या एका वाक्याने सुनेला केवढा आधार होतो!

पण मारहाण किंवा बळजबरी होत असेल, तर तिथे 'घरची बाब' म्हणून गप्प बसू नये. ती बोलेल तेव्हा ऐकावे, तिला मदत मिळवून द्यावी आणि ऐकलेले गावभर करू नये.

अष्टांगिक मार्गात सम्यक वाचा सांगितली आहे. खोटे, चहाडी, कठोर बोल आणि वायफळ बडबड टाळणे म्हणजे सम्यक वाचा. प्रश्न ओठांवर आला की आधी स्वतःला विचारावे, हे कळून मी त्याचे काही भले करणार आहे का? उत्तर 'नाही' असेल, तर "बरी आहेस ना, पोरी?" एवढेच पुरे.

जय भीम!