अंगठा टेकण्याआधी

आपल्या घरात जुनी पेटी असेल, तर तिच्या तळाशी एखादा पिवळा कागद सापडेल. खाली शाईचा अंगठा उमटलेला असेल. तो आपल्या आज्याचा किंवा पणज्याचा. वर काय लिहिले आहे हे त्यांना वाचता येत नव्हते. सावकार म्हणे, "टेक इथे अंगठा." ते टेकत. पुढे कळे, की रान गेले.

म्हणूनच आपण रात्रीच्या वर्गाला आलो. अक्षरे गिरवली. सही शिकलो. आपल्याला वाटले, अंगठा सुटला.

पण बंधुभगिनींनो, अंगठा पुन्हा आला आहे! आता तो कागदावर टेकत नाही, मोबाईलच्या काचेवर टेकतो. शाई लागत नाही, डागही पडत नाही. पण न वाचता टेकला, तर आजही घामाचे पैसे जातात. आज आपण या नव्या अंगठ्याविषयी बोलू.

वर्गात ऐकलेली गोष्ट

चिखली तालुक्यातल्या एका गावात आमचा वर्ग भरतो. तिथे एक शेतकरी भाऊ येतात. त्यांनी सोयाबीन विकले. पैसे बँकेत जमा झाले. दोन दिवसांनी त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर एक निरोप आला. त्यात लिहिले होते, की किसान योजनेचा हप्ता अडकला आहे, खालची फाईल उघडून नाव तपासा.

भाऊंनी निरोप सावकाश वाचला. मराठी अगदी शुद्ध होते. वर सरकारी चिन्ह होते. आणि निरोप कोणाकडून आला? त्यांच्या साडूच्या नंबरवरून! भाऊंनी अंगठा टेकला. फोनने काही विचारले. त्यांनी "हो, हो" केले. पुढे काहीच दिसले नाही. त्यांना वाटले, फाईल बिघडली असेल.

तिसऱ्या दिवशी हरभऱ्याच्या पेरणीसाठी ते पैसे काढायला गेले. खाते रिकामे होते.

भाऊ घरी आले आणि गप्प बसले. बायकोला सांगितले नाही, पोलिसांना सांगितले नाही. आठ दिवसांनी वर्गात त्यांच्या तोंडून शब्द निघाला. ते म्हणाले, "गुरुजी, माह्या सोयऱ्यानंच धाडलं, त मी कायले भेव? अन् लोकं म्हनतीन, वाचाले शिकला अन् बुडाला. म्हनून बोललो नाही."

वर्गात कोणी हसले नाही. एक आजी म्हणाल्या, "बाप्पा, चोरी चोरानं केली. लाज तुले कायची?"

आजींचे हे बोलणे फार मोलाचे आहे. आपण त्याकडे पुन्हा येऊ.

हे भाऊ एकटेच फसले असे नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये शेजारच्या मराठवाड्यात, हिंगोली जिल्ह्यात असेच घडले. एका सरकारी नोकराला व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नाची पत्रिका आली. त्यांनी ती उघडली, आणि खात्यातून सुमारे १ लाख ९० हजार रुपये गेले. शिकलेला माणूसही फसतो. कारण तो वाचतो, पण शेवटपर्यंत वाचत नाही.

तीन अक्षरे ओळखा

ती पत्रिका म्हणजे पत्रिका नव्हती, आणि ती योजनेची फाईलही नव्हती. दोन्ही 'एपीके' होत्या.

एपीके म्हणजे काय? अँड्रॉइड फोनमध्ये आपण जी अ‍ॅप वापरतो, ती एका गाठोड्यात बांधून येतात. त्या गाठोड्याला एपीके म्हणतात. गाठोडे वाईट नाही. ते कोणत्या दाराने येते, हे महत्त्वाचे.

'प्ले स्टोअर' हे पुढचे दार आहे. तिथे गूगल कंपनीचा पहारा असतो. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेले गाठोडे मागच्या दाराने येते. ते तिथे कोणी सोडून पाहिलेले नसते. म्हणून फोन स्वतःच विचारतो, "अनोळखी ठिकाणाहून आलेले हे अ‍ॅप इन्स्टॉल करू का?" इन्स्टॉल म्हणजे फोनमध्ये बसवणे. त्या क्षणी थांबायचे.

लग्नाची खरी पत्रिका म्हणजे एक चित्र. चित्र दाबले की उघडते. ते 'मला घरात बसवा' असे कधी म्हणत नाही. ज्या पत्रिकेला फोनमध्ये बसायचे आहे, ती पत्रिका नव्हे.

फाईलच्या नावाच्या शेवटी पाहा. एक टिंब असते, आणि पुढे तीन इंग्रजी अक्षरे असतात. ए, पी, के. आपल्याला इंग्रजी येत नसले तरी हरकत नाही. घरातल्या शाळेत जाणाऱ्या पोराकडून ही तीन अक्षरे वहीवर लिहून घ्या. चार वेळा गिरवा. बैलाच्या शिंगांवरून बैल ओळखतो, तशी ही अक्षरे नजरेत बसवा.

चोर आत आल्यावर काय करतो

हे गाठोडे आत आले की परवानग्या मागते. परवानगी म्हणजे किल्ली.

पहिली किल्ली निरोपांची. बँक आपल्याला ओटीपी पाठवते. तो एकदाच चालणारा आकडा असतो. ही किल्ली दिली की आपल्याआधी चोर तो आकडा वाचतो.

दुसरी किल्ली फार मोठी. तिचे नाव 'अ‍ॅक्सेसिबिलिटी'. ही सोय अंध व अपंग बांधवांसाठी केलेली आहे. तिच्या मदतीने एखादे अ‍ॅप पडद्यावरचे वाचून दाखवते, माणसाच्या वतीने बटणही दाबते. सोय चांगलीच आहे. पण ती चोराच्या हाती गेली तर? चोर आपला पडदा पाहतो आणि आपल्या जागी बटणे दाबतो. फोन आपल्या खिशात, आणि अंगठा चोराचा!

तिसरी किल्ली ओळखीच्या नंबरांची. चोर आपल्या नावाने आपल्याच सोयऱ्यांना तीच फाईल पाठवतो. साडूच्या नंबरवरून निरोप कसा आला, हे आता कळले ना? साडूने तो पाठवलाच नव्हता. आधी साडूचा फोन फसला होता. कपाशीवरची कीड एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जाते, तशी ही कीड फोनवरून फोनवर जाते.

नवे यंत्र

पूर्वी चोरट्यांचे निरोप ओळखू येत. मराठी मोडके असे. 'आपला खाता बंद होईल' असे काहीतरी लिहिलेले असे. आपण हसून सोडून देत होतो.

आता ती खूण राहिली नाही. 'कृत्रिम बुद्धिमत्ता' नावाचे तंत्र आले आहे. लोक त्याला 'एआय' म्हणतात. एआय म्हणजे पुष्कळ वाचलेले, पुष्कळ ऐकलेले यंत्र. त्याला लाखो पाने वाचायला दिली, लाखो आवाज ऐकवले. त्यातून ते लिहायला, बोलायला, चित्र काढायला शिकले. खरे काय आणि खोटे काय, याची चाड त्याला नाही. सांगाल तसे करते.

हे यंत्र आपल्या कामाचेही आहे. आपल्या राज्याच्या कृषी विभागाने २०२५ मध्ये 'महाविस्तार' हे अ‍ॅप आणले. त्यात असे तंत्र शेतीचा सल्ला द्यायला वापरले आहे. विळा तोच असतो. एक जण त्याने गवत कापतो, दुसरा दुसऱ्याच्या शेतातले कणीस.

चोराच्या हाती हे यंत्र काय काय करते?

ते शुद्ध मराठीत निरोप लिहून देते. ते आवाजाची नक्कल करते. आपल्या मुलाचा थोडासा आवाज मिळाला, तरी तसाच आवाज काढून ते बोलू शकते. "बाबा, मी धाडलेली फाईल लवकर उघडा," असे तो आवाज म्हणेल. आपण घाबरू आणि उघडू.

ते चित्रातली अक्षरेही वाचते. २०२५ च्या फेब्रुवारीत रशियातल्या कॅस्परस्की कंपनीने एका घातक प्रोग्रामची माहिती जाहीर केली. तिने त्याला 'स्पार्ककॅट' असे नाव दिले. काही अ‍ॅपमध्ये तो लपलेला होता. तो लोकांच्या फोनमधले फोटो चाळायचा आणि त्यांतली गुप्त अक्षरे वाचून चोराला पाठवायचा. ही अ‍ॅप गूगल आणि अ‍ॅपल यांच्या पुढच्या दारांतूनही आत शिरली होती. पुढे ती काढून टाकली. म्हणजे पुढच्या दारी पहारा असला, तरी आपले डोळे उघडे हवेतच. पिन, पासवर्ड, एटीएम कार्ड यांचा फोटो फोनमध्ये ठेवू नये.

आणखी एक गोष्ट ऐका. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये 'प्रॉम्प्टलॉक' नावाचा प्रोग्राम सापडला. तो संगणकात शिरून एआयकडून नवे हुकूम लिहून घेई. दर वेळी वेगळे हुकूम, म्हणून पहारेकऱ्याला ओळखणे अवघड. नंतर कळले, की तो न्यूयॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी प्रयोगासाठी बनवला होता. पण प्रयोगशाळेत जे जमते, ते चोरालाही उद्या जमू शकते.

घाबरून फोन विहिरीत टाकायचा का? नाही. चोराचे यंत्र कितीही हुशार असो, बहुतेक वेळा त्याला आपला अंगठा लागतोच. तो अंगठा आपल्या हातात आहे.

पहारा असा ठेवा

निरोप ओळखीच्या माणसाचा असला तरी फाईल लगेच उघडू नका. आधी त्यालाच साधा फोन करा. "तूच धाडलं का रे?" एवढे विचारा.

अ‍ॅप फक्त प्ले स्टोअरवरून घ्या. तेही लागेल तेवढेच घ्या. बनवणाऱ्याचे नाव वाचा.

परवानगी मागितली तर विचार करा. टॉर्चच्या अ‍ॅपला आपले निरोप कशाला हवेत? नको म्हणा.

प्ले स्टोअरमध्ये वर कोपऱ्यात आपले चित्र किंवा नावाचे अक्षर असते. ते दाबले की 'प्ले प्रोटेक्ट' दिसते. हा फोनचा राखणदार. तो चालू आहे ना, हे महिन्यातून एकदा पाहा. कोणी फोन करून तो बंद करायला सांगितले, तर समजा की चोरच बोलतो आहे.

फोन 'अपडेट' मागतो, तेव्हा सेटिंगमध्ये जाऊन ते करून घ्या. अपडेट म्हणजे कुंपणाची डागडुजी. पण अपडेटची फाईल व्हॉट्सअ‍ॅपवर आली, तर ती खोटी.

सरकारी योजनेचा हप्ता थेट बँक खात्यात येतो. किसान योजनेचे वर्षाला ६,००० रुपये २,००० च्या तीन हप्त्यांत येतात. त्यासाठी कोणाची फाईल उघडावी लागत नाही. शंका आली तर गावच्या कृषी कर्मचाऱ्याला किंवा बँकेत जाऊन विचारा.

यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो. पैसे घेताना लागत नाही.

जमल्यास दोन खाती ठेवा. फोनला जोडलेल्या खात्यात बाजारहाटापुरतेच पैसे असू द्या. पिकाचे पैसे दुसऱ्या खात्यात ठेवा. सगळे बियाणे आपण एकाच पोत्यात ठेवत नाही.

घरात एक खुणेचा शब्द ठरवा. मुलाच्या आवाजात कोणी घाईने पैसे मागितले, तर तो शब्द विचारा. यंत्राला आवाज येतो, घरातली खूण येत नाही.

चूक झालीच तर

आता आजींच्या बोलण्याकडे येऊ. लाज धरून बसाल, तर चोराला वेळ मिळतो. चोर पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात पळवतो. तो वेशीबाहेर जाण्याआधी हाळी दिली, तर पैसे वाटेत अडवता येतात.

म्हणून चूक लक्षात येताच आधी फोनचे इंटरनेट बंद करा. मग दुसऱ्याच्या फोनवरून १९३० हा नंबर लावा. सायबर चोरीची तक्रार देण्यासाठी हा सरकारी नंबर आहे. आपले नाव, बँक, किती पैसे गेले आणि केव्हा गेले, ते सांगा. तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या. आता आपल्याला लिहिता येते!

लगेच बँकेलाही कळवा आणि खाते थांबवायला सांगा. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी बँकांना नियम घालून दिले. त्यांत म्हटले होते, की ग्राहकाने कळवल्यानंतर जे पैसे जातील, ते नुकसान बँकेने सोसावे. म्हणजे कळवण्यातला एकेक तास मोलाचा.

मग पोलीस ठाण्यात जा. बुलढाण्याला जिल्हा पोलिसांचे सायबर पोलीस ठाणेही आहे. आलेला निरोप पुसू नका, तो पुरावा आहे. पोलिसांनी पाहिल्यावर जाणकाराकडून फोन साफ करून घ्या. आणि सगळ्या सोयऱ्यांना कळवा, "माझ्या नावाने फाईल आली तर उघडू नका."

त्या भाऊंचे पैसे अजून आलेले नाहीत. त्या वर्षी त्यांनी हरभरा उसनवारीवर पेरला. पण आता दर बाजाराच्या दिवशी ते पारावर बसतात, आणि ज्याच्या हाती नवा फोन दिसेल, त्याला ती तीन अक्षरे वहीवर काढून दाखवतात. लाज टाकून स्वतःची गोष्ट सांगतात. आमच्या मते वर्गातला सर्वांत चांगला धडा तेच शिकवतात.

आज्याला वाचता येत नव्हते, म्हणून त्याचा अंगठा फसला. आपल्याला वाचता येते. आधी शेवटच्या अक्षरापर्यंत वाचू, मगच अंगठा टेकू.

आता सांगा

१. एपीके फाईल कशी ओळखाल?
२. ओळखीच्या नंबरवरून खोटा निरोप कसा येतो?
३. 'अ‍ॅक्सेसिबिलिटी' ही सोय कोणासाठी आहे? चोर तिचा उपयोग कसा करतो?
४. पैसे गेल्यास कोणता नंबर लावाल? तो पाच वेळा लिहा आणि घरात भिंतीवर लावा.
५. हा धडा घरातल्या एका माणसाला वाचून दाखवा.